लेकीला वंशसंहाराचा अभ्यास करायचा आहे

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. आफ्रिकेतल्या रवांडाबद्दल वाचल्यापासून तिला राजकीय हिंसाचार आणि वंशसंहार यावरच संशोधन करायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, भंवरकुआंला क्लास लाव आणि एमपीपीएससी (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा) दे. मला मात्र वेगळीच धास्ती आहे. रोज मेलेल्या माणसांचं वाचून पोरीचं काय होईल?

उत्तर : ताई, तुमची धास्ती अनाठायी नाही. कत्तलीतून जिवंत राहिलेल्यांच्या साक्षी वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या संशोधकांची झोप उडते, तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत राहतात. म्हणून चांगला मार्गदर्शक कामाचे तास बांधून देतो, समुपदेशकाकडे जायला सांगतो. पण हा अभ्यास म्हणजे नुसते मृतदेह मोजणं नव्हे. १९९४ साली रवांडात सुमारे १०० दिवसांत तुत्सी या अल्पसंख्य गटाची लाखो माणसं मारली गेली. तिथल्या बुटारे प्रांतात मात्र पहिले जवळपास दोन आठवडे सरसकट कत्तल झाली नाही, कारण तिथला प्रमुख ती होऊ देत नव्हता. त्याला पदावरून काढलं आणि मग तिथंही सुरू झाली. म्हणजे एका खुर्चीवरच्या माणसानं किती फरक पडतो! अभ्यासक हे शोधतो. ओळखपत्रावर वांशिक गट लिहायची पद्धत बेल्जियन राजवटीत कशी आली, रेडिओवरून रोज काय बोललं जात होतं, हे कागदोपत्री तपासतो. तुमच्या लेकीला यातलंच काहीतरी भिडलं असणार. त्याला वेड समजू नका.

आता पोटापाण्याचं. विषय तसा तरुण आहे. वंशसंहारासाठीचा ‘जेनोसाइड’ हा इंग्रजी शब्दच राफाएल लेमकिन या वकिलानं १९४४ मध्ये वापरात आणला. आपल्याकडे त्या नावानं नोकरीची जाहिरात निघत नाही, निघते ती राज्यशास्त्राची किंवा इतिहासाची. म्हणून तिनं एम.ए. मूळ विषयातच करावं, ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नये आणि प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट परीक्षा द्यावी. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, पीएच.डी. घरावर ओझं न टाकता होते. वंशसंहार हा प्रबंधाचा विषय ठेवावा. परदेशात अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात या विषयात पीएच.डी. करता येते, स्वीडनमधल्या उप्सालाला संघर्षांच्या आकडेवारीवर मोठं काम चालतं. पण जागा मोजक्या, भरवसा त्यावर ठेवू नये. आणि तिच्या बाबांना हे जरूर सांगा : मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉलेजांचे सहायक प्राध्यापक एमपीपीएससीच निवडते. बापलेकीचं भांडण वाटतं तितकं मोठं नाही.

मला खरी काळजी भाषेची वाटते. नुसत्या इंग्रजीवर रवांडाचा अभ्यास करणारी मुलं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर पुस्तक लिहितात. तिथले जुने सरकारी कागद फ्रेंचमध्ये आहेत, माणसं किन्यारवांडा बोलतात. हे शिकायची तयारी नसेल तर जवळचा विषय घ्यावा, आणि तो तर तुमच्या गावातच आहे. फाळणीनंतर इंदूरला कितीतरी सिंधी कुटुंबं आली. तेव्हाची दहा वर्षांची मुलं आज नव्वदीला टेकली आहेत. पंजाबच्या मानानं सिंधमध्ये रक्तपात कमी झाला, तरी माणसांनी घरं का सोडली? जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, तिचा धाक किती होता? हे सांगणारे फार दिवस राहणार नाहीत.

या सुट्टीत तिला ओळखीच्या घरांतल्या तीन-चार आजीआजोबांकडे पाठवा. आधी परवानगी घ्यावी, एका दिवशी एकच मुलाखत करावी, समोरचा थांबला की थांबावं, घरी येऊन सगळं शब्दशः उतरवून काढावं. एका तासाची मुलाखत उतरवायला चार-पाच तास जातात, त्यातच चिकाटी कळते. त्या रात्री तुम्ही तिच्यापाशी बसा. चार मुलाखतींनंतरही तिचं मन याच विषयात असलं, तर एम.ए.चे अर्ज भरण्याआधी मला पुन्हा लिहा. आधी सिंधी शिकायची की फ्रेंच, ते तेव्हा ठरवू.