संगणक मासिकांतली माणसं: कुठून आली, काय करायची, पुढे कुठे गेली

प्रश्न असा आहे: १९७५ ते १९९५ या काळातल्या संगणक मासिकांत काम करणारी माणसं मुळात कोण होती, तिथे नेमकं काय करायची, पुढे कुठे गेली आणि जुन्या अंकांवरून कुणा एकाचा माग कसा काढायचा. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मासिकांची कागदपत्रं भरपूर उपलब्ध असल्यामुळे मुख्यतः त्यांच्याबद्दल लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो: माणूस कोणत्या मासिकात होता यापेक्षा तो तिथे कोणत्या टेबलावर बसला, म्हणजे कोणतं काम करत होता, यावर त्याची पुढची वाट ठरली.

पहिल्या पिढीपासून सुरुवात करू. सप्टेंबर १९७५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो या गावातून ‘बाइट’ निघालं. ते काढणारे वेन ग्रीन हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाल्यांच्या, जगातले. १९६० पासून ते ‘७३’ नावाचं मासिक चालवत होते. संपादक कार्ल हेल्मर्स स्वतःचं यंत्र घरी जोडून त्यावर छोटं वार्तापत्र काढणारे. ‘क्रिएटिव्ह कंप्युटिंग’चे डेव्हिड आल डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत शाळा-कॉलेजांना संगणक विकायच्या विभागात होते. ‘डॉक्टर डॉब्ज’चे पहिले संपादक जिम वॉरन गणित शिकवायचे. डेव्हिड बनेल शाळामास्तर होते, मग आल्बुकर्कीत हौशी लोकांना संगणक विकणाऱ्या एमआयटीएस कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला लागले आणि तिथलं ‘कंप्युटर नोट्स’ हे वार्तापत्र सांभाळू लागले. बिल गेट्स यांचं हौशी लोकांना उद्देशून लिहिलेलं, फुकट नकला करू नका असं बजावणारं पत्र फेब्रुवारी १९७६ मध्ये याच वार्तापत्रात छापून आलं. म्हणजे मास्तर, हॅम रेडिओवाले आणि कंपन्यांच्या पुस्तिका लिहिणारे. यंत्र न पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगायची सवय या सगळ्यांना होती, आणि सुरुवातीच्या मासिकांना नेमकी तीच हवी होती.

आता टेबलांकडे येऊ. त्यात प्रोग्रॅम तपासणाऱ्या टेबलाबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण या कामाला फार कमी श्रेय मिळालं.

१९८० च्या दशकात मासिकात छापलेला प्रोग्रॅम वाचक हाताने टाइप करत. उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या ‘कंप्यूट!’ या मासिकाचा आणि त्यांच्याच, कमोडोर या घरगुती संगणकांसाठी निघणाऱ्या ‘गॅझेट’चा कणाच हा होता. तिथे तांत्रिक संपादकाची पहिली अट अशी की प्रोग्रॅम पुन्हा टाइप करून छापायला द्यायचा नाही. चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी, म्हणजे त्याच्या ओळींचा मजकूर, थेट प्रिंटरवर काढायची आणि तीच मांडणीत चिकटवायची. मध्ये एक जरी माणूस टंकलेखनाला बसला, तरी चूक शिरतेच. दुसरी अडचण कमोडोरच्या चित्रचिन्हांची. पडदा पुसायची आज्ञा यादीत उलट्या रंगातल्या बदामासारखी दिसते आणि कागदावर तिचा नुसता डाग होतो. म्हणून अशा प्रत्येक चिन्हाऐवजी महिरपी कंसात कळीचं नाव आणि ती किती वेळा दाबायची तो आकडा छापत. सलग पाच मोकळ्या जागा असतील, तर त्यासुद्धा कंसात आकड्याने.

तिसरी अडचण ओळीच्या लांबीची. कमोडोर ६४ वर एका ओळीत ८० अक्षरं मावतात. लेखकाने ‘प्रिंट’ऐवजी प्रश्नचिन्ह असे आखूड संकेत वापरून ओळ घातलेली असली, की यंत्र ती स्वीकारतं, पण यादी काढताना आज्ञा पूर्ण उलगडतात आणि ओळ ८० च्या पुढे जाते. वाचकाने ती छापल्याप्रमाणे टाइप केली की शेपूट तुटतं. तपासणाऱ्याला अशा ओळी शोधून दोन भागांत तोडाव्या लागत, आणि तोडताना ‘इफ’ (अट) आणि ‘गोटू’ (अमुक ओळीवर जा) या आज्ञांचं तर्कशास्त्र बिघडणार नाही हेही पाहावं लागे.

यातूनच ऑक्टोबर १९८३ च्या ‘गॅझेट’मध्ये ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’ आला. चार्ल्स ब्रॅनन यांचा हा छोटा प्रोग्रॅम टाइप केलेल्या प्रत्येक ओळीतल्या अक्षरांच्या संकेतांकांची बेरीज करून पडद्यावर एक संख्या दाखवायचा, आणि ती छापील संख्येशी ताडून पाहायची. उणीव अशी की नुसत्या बेरजेत क्रमाला किंमत नसते. ५३२८१ ऐवजी ५३२१८ टाइप झालं, तरी बेरीज तीच. ५३२८१ हा पडद्याच्या पार्श्वभूमीच्या रंगाचा पत्ता. ५३२१८ ही साधी मोकळी स्मृती. तिथे आकडा लिहिला की रंग बदलत नाही आणि यंत्र तक्रारही करत नाही. वाचक रात्रभर डोकं धरून बसतो. १९८६ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक संकेतांकाला ओळीतल्या त्याच्या स्थानाने गुणून मग बेरीज केली, आणि अक्षरांची अदलाबदल पकडली जाऊ लागली.

डेटाच्या ओळींचा, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या नुसत्या आकड्यांच्या ओळींचा, त्रास आणखी निराळा. १२ आणि ३४ मधला स्वल्पविराम सुटला की १२३४ होतं, २५५ च्या वरचा आकडा स्मृतीच्या एका घरात बसत नाही, आणि यंत्र चूक दाखवतं ती तो आकडा लिहिणाऱ्या आज्ञेच्या ओळीवर. प्रत्यक्ष चूक शंभर ओळी खाली असते. वाचकांच्या अशा पत्रांना उत्तरं देणं हेही याच टेबलाचं काम. मासिकाचीच चूक निघाली, तर ती ‘कॅप्यूट!’ या दुरुस्तीच्या सदरात छापायची. त्यात दोन-तीन महिने जात, कारण पुढचे अंक तोवर छपाईच्या वाटेला लागलेले असत.

असं काम दोन वर्षं केलेला माणूस पुढे काय करतो? दुसऱ्याचा कोड वाचतो, थोड्या बाइटमध्ये काम बसवतो आणि तारीख पाळतो. ब्रॅनन यांनी ‘स्पीडस्क्रिप्ट’ हा शब्दसंस्कारक (वर्ड प्रोसेसर) लिहिला, आणि तो जानेवारी १९८४ च्या ‘गॅझेट’मध्ये टाइप करण्याजोगा छापून आला. जेमतेम काही किलोबाइटचा.

मासिकाच्या शिस्तीतून थेट उद्योगात उडी घेतल्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचं ‘सॉफ्टडिस्क’. १९८१ पासून हे मासिक कागदाऐवजी फ्लॉपीवर निघायचं. जॉन रोमेरो, जॉन कारमॅक, एड्रियन कारमॅक आणि टॉम हॉल हे तिथले नोकर. रोमेरोचा एक खेळ त्याआधीच, १९८४ मध्ये, ‘इनसायडर’ या ॲपल संगणकांवरच्या मासिकात टाइप करण्याची यादी म्हणून छापून आला होता. ‘गेमर्स एज’ या विभागाला दर दोन महिन्यांनी वर्गणीदारांना एक पूर्ण खेळ द्यावा लागे. दोन महिन्यांत खेळ संपवायचा म्हणजे चित्र काढणारा, इंजिन लिहिणारा आणि पातळ्या रचणारा यांची कामं पहिल्या दिवसापासून वेगळी हवीत. ही विभागणी ते तिथेच शिकले. रात्री आणि सुटीच्या दिवशी ऑफिसचे संगणक घरी नेऊन त्यांनी ‘कमांडर कीन’ हा खेळ केला. तो डिसेंबर १९९० मध्ये बाहेर आला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांची ‘इड सॉफ्टवेअर’ ही कंपनी उभी राहिली. सॉफ्टडिस्कच्या यंत्रांवर केलेलं काम असल्यामुळे मालकाशी तडजोड करावी लागली: नोकरी सोडल्यावरही सॉफ्टडिस्कला दर दोन महिन्यांनी खेळ देत राहायचं. त्या बांधिलकीतूनच ‘होवरटँक’ आणि ‘कॅटॅकोम’चे त्रिमितीय खेळ आले. १९९२ चा ‘वुल्फेनस्टाइन’ त्यांच्याच पायावर उभा आहे.

सदरलेखकांची वाट वेगळी. ते बहुधा पगारी नसत. लेखामागे मानधन मिळे. मायकेल अब्राश यांनी जुलै १९९१ च्या ‘डॉक्टर डॉब्ज’मध्ये पीसीच्या व्हीजीए या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेच्या ३२० बाय २४० ठिपक्यांच्या अनधिकृत मोडचं गुपित उलगडलं आणि त्याला ‘मोड एक्स’ हे नाव दिलं. पुढे ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथून १९९५ मध्ये ‘क्वेक’ या खेळाच्या कामासाठी इडमध्ये. जॉन कारमॅकने त्यांचे लेख वाचूनच बरंच शिकून घेतलं होतं. चार्ल्स पेट्झोल्ड विमा कंपनीत प्रोग्रॅमर होते. ‘पीसी मॅगझिन’मध्ये छोटी उपयोगी साधनं लिहिता लिहिता विंडोज प्रोग्रॅमिंगचे सर्वांत विश्वासाचे लेखक झाले. ‘बाइट’मध्ये १९७७ पासून स्वतः जोडायचे प्रकल्प देणारे स्टीव्ह सियार्सिया यांनी १९८८ मध्ये आपल्या सदराच्या नावाने स्वतंत्र मासिकच काढलं.

संपादक आणि मालक यांच्या गोष्टीत पैसा येतो. १९८२ मध्ये बनेल यांनी ‘पीसी मॅगझिन’ सुरू केलं. गुंतवणूकदाराने ते परस्पर झिफ-डेव्हिस या प्रकाशन कंपनीला विकलं, तेव्हा जवळपास सगळे कर्मचारी बनेल यांच्याबरोबर बाहेर पडले आणि आयडीजी या दुसऱ्या प्रकाशन कंपनीच्या पाठिंब्याने १९८३ मध्ये ‘पीसी वर्ल्ड’ निघालं. पुढच्याच वर्षी मॅकिन्टॉशबरोबर ‘मॅकवर्ल्ड’. या प्रकरणातून कळतं की मासिकाची खरी मालमत्ता म्हणजे लिहिणारी माणसं आणि वर्गणीदारांची यादी. शीर्षक मात्र कागदावर ज्याच्या नावे, त्याचं. वेन ग्रीन यांच्या हातून ‘बाइट’ सुरुवातीलाच गेलं होतं, तेही अशाच मालकीच्या घोळात. नवं मासिक काढणाऱ्याने भागीदारीचा करार पहिल्या अंकाआधी लेखी करावा, हे मी ठासून सांगेन.

झिफच्या हाती गेलेलं ‘पीसी मॅगझिन’ बिल मॅक्रोन यांनी वेगळ्या वाटेने वाढवलं. एकेक वस्तूचं परीक्षण देण्याऐवजी बाजारातले सगळे प्रिंटर एकदम मागवून एकाच कसोटीवर तपासायचे. त्यासाठी स्वतःची प्रयोगशाळा, तंत्रज्ञ आणि मोजमापाचे प्रोग्रॅम लागले. आज ज्याला आपण बेंचमार्क म्हणतो, त्याची सवय वाचकांना लावण्यात या विभागाचा वाटा मोठा आहे.

ब्रिटनमध्ये खेळांच्या मासिकांनी पोरंच कामाला घेतली. लडलो या छोट्या गावातल्या न्यूजफील्डच्या ‘क्रॅश’ने १९८४ मध्ये शाळकरी मुलांकडून खेळ तपासून घ्यायला सुरुवात केली, एका खेळावर तिघांची मतं छापायची. १९८५ च्या ‘झॅप! ६४’मध्ये आलेला ज्युलियन रिग्नल आर्केडमधल्या (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळांमधल्या) विक्रमी गुणांमुळे नावाजलेला होता. पुढे तो अनेक मासिकांचा संपादक झाला आणि मग अमेरिकेत गेला. त्याचा सहकारी गॅरी पेन डंडीच्या डीएमए डिझाइन या खेळ बनवणाऱ्या कंपनीत जाऊन ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या पहिल्या भागावर काम करता झाला. ‘झॅप!’ सुरू करून देणारे क्रिस अँडरसन यांनी त्याच वर्षी कर्ज काढून ‘अमस्ट्रॅड ॲक्शन’ काढलं आणि त्यातून फ्यूचर पब्लिशिंग उभं राहिलं. हेच पुढे २००१ मध्ये व्याख्यानांसाठी गाजलेल्या टेड परिषदेचे प्रमुख झाले. त्यांचं काही शालेय शिक्षण मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत झालेलं आहे.

आपल्याकडे १९८७ पासून ‘पीसीक्वेस्ट’ हे मासिक होतं. त्यात लिहिणारे अतुल चिटणीस हे बेळगावशी नातं असलेले, बंगळुरात स्थायिक झालेले. १९९६ पासून ‘पीसीक्वेस्ट’ने अंकाबरोबर लिनक्सची (संगणक चालवणाऱ्या मुक्त प्रणालीची) सीडी द्यायला सुरुवात केली, त्या मोहिमेमागे ते होते. टेलिफोन लाइनवरून लिनक्स उतरवून घेणं तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, त्यामुळे भारतातल्या कितीतरी लोकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते या सीडीवर. बंगळुरातल्या लिनक्स परिषदांमागेही चिटणीसच होते. सदरलेखक असा चळवळीचा माणूस होतो.

आता माग काढायची पद्धत. अंक उघडलात की पहिल्या काही पानांत कर्मचाऱ्यांची चौकट सापडेल. एकाच मासिकाचे सहा-सहा महिन्यांच्या अंतराचे अंक घ्या, चौकटीतली नावं वहीत पदासह उतरवा आणि फरक पाहा. नाव दिसेनासं झालं की त्याच सुमारास निघालेल्या नव्या मासिकांच्या चौकटी तपासा. माणसं घोळक्याने जातात. मुखपृष्ठावरचा महिना खरा धरू नका, कारण अंक आधी बाजारात येतो आणि मजकूर त्याच्याही दोन-तीन महिने आधी बंद झालेला असतो. म्हणून मार्चच्या अंकातलं नाव म्हणजे तो माणूस मार्चमध्ये नोकरीत होता असं नाही. ‘कॉन्ट्रिब्यूटिंग एडिटर’ म्हणजे बहुतेक वेळा बाहेरून लिहिणारा. त्याची रोजची नोकरी दुसरीकडेच असते.

टोपणनावांपासूनही सांभाळा. ‘क्रॅश’मध्ये वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारा लॉइड मँग्रम नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता, कार्यालयातले लोक आळीपाळीने त्या नावाने लिहीत. त्याची पुढची नोकरी शोधायला निघालात, तर काहीच हाती लागणार नाही. जाहिरात विभागाची नावं मात्र वगळू नका. त्या काळी निम्म्याहून जास्त पानं जाहिरातींची असत, अंक किती फर्म्यांचा होणार हे त्यांच्यावर ठरे, आणि मासिक बुडायला आलं की सर्वांत आधी हीच नावं चौकटीतून गळतात. डिसेंबर १९८५ मध्ये बंद पडलेल्या ‘क्रिएटिव्ह कंप्युटिंग’चे शेवटच्या वर्षाचे अंक एकापाठोपाठ एक चाळा आणि जाहिरातींची पानं मोजत जा. मग हीच पद्धत ‘बाइट’च्या १९९७-९८ च्या अंकांना लावा, ते जुलै १९९८ च्या अंकाबरोबर थांबलं.