हवेत नायट्रोजन सर्वाधिक का, आणि मग भाताला युरिया का?

हवेत 78 टक्के नायट्रोजन आला कुठून, आणि तो एवढा असताना खाचरात युरिया का टाकावा लागतो, हे तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

नायट्रोजन फार निर्माण झाला असं नाही. बाकीचे वायू गेले, हा राहिला. ज्वालामुखींतून मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडले, नायट्रोजन त्यामानाने थोडाच. वाफेचे समुद्र झाले. कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळला (25 अंशांना, सारख्या दाबाखाली, नायट्रोजनच्या सुमारे 50 पट) आणि कॅल्शियमशी जुळून चुनखडक झाला. आपल्या खाडीतल्या तिसऱ्या-कालवांचे शिंपले हेही कॅल्शियम कार्बोनेटच. हायड्रोजन, हेलियम हलके, ते अवकाशात निसटले. ऑक्सिजन फार उशिरा, सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी साठू लागला आणि तो लोखंड-गंधकाशी जुळून खर्चही होतो.

शुक्रावर नायट्रोजन फक्त 3.5 टक्के, पण तिथला दाब आपल्या 92 पट. म्हणजे प्रत्यक्षात तो आपल्यापेक्षा जास्तच आहे! तिथे कार्बन डायऑक्साइड हवेतच राहिला, एवढाच फरक.

नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात; तो बंध तोडल्याशिवाय पिकाला नायट्रोजन वापरता येत नाही, आणि तोडायला मोलमागे (म्हणजे 28 ग्रॅम नायट्रोजनमागे) सुमारे 945 किलोज्यूल लागतात. आकाशातल्या विजेला ते जमतं, काही जिवाणूंना जमतं (भातानंतरच्या कडव्या वालाच्या मुळांवरच्या त्यांच्या गाठी उपटून पाहा), भाताला नाही. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात यासाठीच प्रचंड उष्णता आणि दाब वापरून अमोनिया बनवतात.

आणि हवेतून असा ओढला जाणारा नायट्रोजन संपत का नाही? कारण दुसरे जिवाणू तो परत करतात. खारफुटीच्या आणि खाचराच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथे हे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट (नायट्रोजन-ऑक्सिजनचं संयुग) वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात.

तुमचा युरिया इथेच जातो. उभ्या पाण्यात फेकलात की काही अमोनिया होऊन उडतो. उरलेल्याचं वरच्या पातळ, हवा असलेल्या थरात नायट्रेट होतं, ते खाली झिरपतं आणि वायू बनतं. म्हणून ब्रिकेट (युरियाची दाबून केलेली गोळी) वापरा: लावणीच्या दिवशीच, चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध, 2.7 ग्रॅमची एक, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. तिथे युरियातला नायट्रोजन अमोनियम रूपातच टिकतो आणि मुळांना मिळतो. वर राहिलेली ब्रिकेट म्हणजे पुन्हा फेकलेलाच युरिया. नंतर खाचर वारंवार सुकवून भरू नका. सुकताना नायट्रेट होतं आणि पाणी भरताच तेच हवेत जातं.