उत्तर दिशा वरच हवी का?

प्रश्न : माझा प्लॉट तिरका आहे. उत्तर दिशा वर ठेवली की बोर्डावर (सादरीकरणाच्या शीटवर) प्लॅन वाकडा दिसतो. भिंती कागदाला समांतर घेतल्या तर दिशा नीट कळत नाही, असं ज्युरी (परीक्षक मंडळ) म्हणते. काय करू? – आर्किटेक्चरची विद्यार्थिनी

उत्तर : भिंती सरळच ठेवा. साइट प्लॅनमध्ये (पूर्ण प्लॉटच्या नकाशात) उत्तर वर राहू द्या, फ्लोअर प्लॅन (मजल्याचा नकाशा) खुशाल वळवा. उत्तर दाखवणारा बाण मात्र प्रत्येक प्लॅनशेजारी हवा, आणि तोही खऱ्या कोनात वळवलेला.

बोर्ड बघताना मी आधी जिना शोधतो. तळमजल्यावर तो डावीकडे आणि पहिल्या मजल्यावर उजवीकडे दिसला, की माझं लक्ष डिझाइनवरून उडालंच म्हणून समजा. त्यामुळे सगळे मजले एकाच दिशेने, एकाच स्केलला; एकाखाली एक लावले तर जिने नि कॉलम आपोआप रेषेत येतात. प्रवेशद्वार शक्यतो खालच्या कडेला घ्या, बघणारा तिथूनच आत शिरतो. जागा पुरत नाही म्हणून एखादाच मजला ९० अंशांत फिरवू नका. त्यापेक्षा सगळ्यांचंच स्केल १:१०० वरून १:२०० करा, म्हणजे सगळेच प्लॅन लहान होतील.

आणि बाण साधा काढा हो! त्या नक्षीदार होकायंत्रांचा मला तरी वैताग येतो.