अमेरिकन पैलवान केनच्या 'सी नो ईव्हिल' या चित्रपटात कुस्ती आहे का? खानापुरात आमच्या तालमीतल्या पोरांना दाखवू का?

नाही, त्यात एकही कुस्ती नाही, आणि लहान पोरांना तर दाखवूच नका. मी दोनदा पाहिलाय. २००६ चा हा चित्रपट डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीचे शो करणाऱ्या अमेरिकन कंपनीनंच काढला, सुमारे ८० लाख डॉलरांत. हॉलिवूडच्या मानानं ही रक्कम किरकोळच. केन यात जेकब गुडनाइट नावाचा खुनी आहे. पडक्या हॉटेलात साखळीच्या आकड्यानं माणसं ओढतो, बोटांनी डोळे उपटतो. आनंदवाडीच्या आखाड्यात डाव बघायची सवय असलेल्यांना इथं हाती काही लागत नाही. मात्र तुम्ही स्वतः भयपटांचे शौकीन असाल तर जरूर बघा. केन जवळजवळ बोलतच नाही. तो नुसता दारात उभा राहिला की चौकट भरून जाते, आणि अंगावर काटा येतो तो तिथंच.