भाजी म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे : टोमॅटो, काकडी, वांगं ही शास्त्राप्रमाणे फळं असतील, तर त्यांना भाजी म्हणणं चूक का? आणि न शिजवलेल्या जुडीलाही भाजी, ताटात वाढलेल्या पदार्थालाही भाजी, हे कसं?

चूक मुळीच नाही. ‘फळ’ हे वनस्पतीच्या एका अवयवाचं नाव आहे. ‘भाजी’ नावाचा अवयव कुठल्याच झाडाला नसतो. पान, देठ, कंद, शेंग, कळी, जे शिजवायला घेतलं ते भाजी. म्हणून केळं कच्चं असताना भाजीत जातं आणि पिकलं की फळांत. मेथीचं पान भाजी असतं, दाणा मसाला. मराठीत ‘फळभाजी’ हा शब्द सुखाने नांदतो, तो यामुळेच.

ही समज जुनी आहे. सोळाव्या शतकातला वैद्यकग्रंथ ‘भावप्रकाश’ शाकाचे सहा प्रकार सांगतो : पत्र, पुष्प, फल, नाल (म्हणजे देठ), कंद आणि संस्वेदज (म्हणजे अळंबी वगैरे), उत्तरोत्तर पचायला जड. फळ हा तिथे शाकाचाच एक प्रकार आहे. अळंबी तर आजच्या शास्त्राप्रमाणे वनस्पतीही नाही, तरी शाकात आहेच. अमेरिकेत १८८३च्या कायद्याने आयात भाज्यांवर कर होता, फळांवर नव्हता. तेव्हा टोमॅटोचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. खटल्यात शब्दकोशांतल्या व्याख्या वाचल्या गेल्या, आणि १८९३ मध्ये निकाल लागला : वनस्पतिशास्त्रात फळ असलं तरी लोकांच्या बोलण्यात टोमॅटो भाजीच. मला हा निकाल भाषेच्या दृष्टीने अगदी योग्य वाटतो.

प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ‘मेथीची भाजी आणली’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : जुडी आणली किंवा तयार पदार्थ आणला. ‘बटाट्याची भाजी आणली’ याचा मात्र एकच, शिजवलेली. ‘मेथीची भाजी निवडली’ म्हणतो, पण ‘वांग्याची भाजी चिरली’ असं कुणी म्हणत नाही. वांगी चिरली म्हणतात. म्हणजे ‘अमक्याची भाजी’ ही रचना न शिजवलेल्या वस्तूसाठी फक्त पाल्यालाच चालते. बटाटा, वांगं, भेंडी यांना एकेकटं भाजी म्हणवून घ्यायला आधी चुलीवर चढावं लागतं. एरवी त्या ‘भाज्या’ असतात त्या एका वर्गाच्या नावाने. माझ्या मते ‘भाजी’ शब्दाचा गाभा अजूनही पालेभाजीच आहे, आणि बाकीची मंडळी मागाहून त्यात सामावली.

शिजवलेल्या पदार्थाचा अर्थही परका नाही. ‘भाजणे’ आणि ‘भजी’ ही याच शब्दाची भावंडं, त्यामुळे विस्तवाशी नातं पहिल्यापासूनचं. गंमत म्हणजे वांगं खरोखर भाजलं तर त्याचं भरीत होतं, भाजी नाही! पदार्थाच्या अर्थाने हा शब्द इतका पसरला आहे की मोड आलेल्या मटकीची भाजी होते, डाळीची होते, आणि काही भागांत ‘मटणाची भाजी’ही सहज म्हणतात. तिथे भाजी म्हणजे पोळी-भाकरीबरोबर खायचं कालवण, मग ते कशाचंही असो.