रात्री साडेअकराची कडी

प्रश्न : २००९ च्या जत्रेतल्या मारामारीत माझं नाव गोवलं गेलं. २०१४ ला निर्दोष सुटलो. तरी गणपती किंवा निवडणूक आली की रात्री साडेअकरा-बाराला हवालदार कडी वाजवतात. म्हणतात, ‘साहेबांनी बघून यायला सांगितलंय.’ आई दचकून उठते. परगावी जायचं तर सांगून जा म्हणतात. हे कायद्यात बसतं का? – एक वाचक

उत्तर : नाही बसत. रात्रीच्या कडीचा निकाल तर १९६२ मध्येच लागलाय.

उत्तर प्रदेशातले खडकसिंग १९४१ मध्ये दरोड्याच्या गुन्ह्यात पकडले गेले, पुराव्याअभावी सुटले. पण पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीसाठीची नोंदवही, उघडली. रात्री शिपाई यायचे, हाका मारून उठवायचे. गावाबाहेर जायचं तर चौकीदाराला सांगायचं. तुमचीच कथा! सुप्रीम कोर्टाच्या सहा न्यायमूर्तींनी रात्रीच्या घरभेटींचा नियम रद्द केला, पण बहुमतानं बाकीची पाळत राहू दिली. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही म्हणाले. (सुब्बा राव आणि शहा यांना ते मान्य नव्हतं. वकिलीची सनद मिळाली त्या वर्षी सुब्बा रावांचं मत वाचलं, तेव्हापासून मी त्यांच्या बाजूचा.) बहुमताचं खासगीपणाबद्दलचं ते म्हणणं पुसलं गेलं २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींकडून. जून २०२५ मध्ये केरळ हायकोर्टानंही मध्यरात्री दार ठोठावायचा पोलिसांना अधिकार नाही असं सांगितलं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण अर्जात लिहायला कामाचा.

परगावी जाताना सांगायचं बंधनही तुमच्यावर नाही. तडीपारीचा किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडचा आदेश निघाला असेल, तर गोष्ट वेगळी. तो कागद आधी मला दाखवा.

पुढच्या वेळी आवाज चढवू नका. खिडकीतूनच नाव, बक्कल नंबर आणि ‘वॉरंट आहे का?’ एवढं विचारा. वॉरंट असेल तर मुकाट्यानं दार उघडा. नसेल तर ‘सकाळी ठाण्यात येतो’ म्हणा, आणि खरंच जा. तारीख-वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवा.

मग पोलीस अधीक्षकांना अर्ज करा : पाळतीच्या रजिस्टरमधून नाव कमी करावं, रात्रीच्या भेटी थांबवाव्यात. सोबत तुमच्या सुटकेच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका. माझ्या एका अशिलाचा असाच अर्ज तीनदा ‘सापडला नाही’. चौथ्यांदा पोच होती, तेव्हा सापडला.