गोंदाविना बोर्ड: पीएचडीआधी प्रेसपाशी उभी राहा

प्रश्न: मी बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅकेस नावाचं एन्झाइम वापरून, कुठलाही कृत्रिम गोंद न घालता लाकडाच्या तंतूंपासून बोर्ड बनवता येतो, असं एका व्याख्यानात ऐकलं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. मला यातच पीएचडी करायची आहे. माझे मामा एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या बोर्डाच्या, कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहेत. ते म्हणतात, "नोकरीला लागल्यापासून असली संशोधनं ऐकतोय, लाइनवर एकही आलं नाही." आई-बाबांना विषय फार अरुंद वाटतो. मी काय करू?

उत्तर: मामांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण तू नाउमेद व्हावंस असं त्यात काही नाही.

लाकडात साधारण 20 ते 30 टक्के लिग्निन असतं. तंतू एकमेकांना धरून ठेवायचं काम झाडात तेच करतं. कारखान्यात आपण लाकूड पिंजून ते तंतू सुटे करतो आणि पुन्हा चिकटवायला तंतूंच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के युरिया-फॉर्माल्डिहाइड हे रेझिन, म्हणजे कृत्रिम गोंद, घालतो. हा उलटा व्यवहार कुणालाही खटकेल, आणि तो फार पूर्वी खटकलाही. विल्यम मेसन यांनी 1924 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, लॉरेल इथे, वाफेचा दाब एकदम सोडून लाकडाचे तंतू फोडले आणि ते गरम प्रेसमध्ये दाबून हार्डबोर्ड बनवला. त्यात वेगळा गोंद लागत नव्हता. ओल, उष्णता आणि दाब यांनी मऊ झालेलं लिग्निनच तंतू बांधून ठेवी. पण या ओल्या पद्धतीत तंतू पाण्यात कालवून पसरतात; त्यामुळे पाणी अफाट लागतं, सांडपाण्याची डोकेदुखी होते आणि बोर्ड निघतो पातळ. फर्निचरसाठी जाड, हलका, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत बोर्ड हवा होता. तो कोरड्या पद्धतीने, म्हणजे तंतू पाण्याऐवजी हवेने पसरून, बनू लागला आणि तिथे रेझिनशिवाय भागेना. म्हणजे गोंदाविना बोर्ड होतो का, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सुटला. कोरड्या पद्धतीत, जाड बोर्डात, प्रेसच्या वेगाने तो होतो का, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

लॅकेसची भुरळ मला कळते. 1883 मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांना ते जपानी लाखेच्या झाडाच्या चिकात सापडलं. त्याच्या रेणूतल्या तांब्याच्या अणूंच्या मदतीने ते लिग्निनमधल्या फिनॉल गटांकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि हवेतल्या ऑक्सिजनला देतं. ऑक्सिजनचं पाणी होतं. लिग्निनवर मागे राहतात फिनॉक्सी रॅडिकल, म्हणजे जोडीदार शोधणारे अस्थिर गट. शेजारच्या दोन तंतूंवरचे रॅडिकल पुरेसे जवळ आले की त्यांच्यात बंध तयार होतो. गंमत म्हणजे, लाकूड पांढरं पाडत कुजवणारी बुरशी हेच एन्झाइम सोडते आणि झाड लिग्निन रचतं तेव्हाही याच कुळातली एन्झाइमं कामाला लागतात. जोडायचं की तोडायचं हे आजूबाजूच्या परिस्थितीवर ठरतं. (या एका मुद्द्यावर तुझी पीएचडी उभी राहू शकते, पण ते पुढचं.)

जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात आणि डेन्मार्कमध्ये क्लाउस फेल्बी यांच्या गटात यावर 1990च्या दशकात गंभीर काम झालं. 2002 मध्ये फेल्बींच्या गटाने लॅकेस लावलेल्या तंतूंपासून प्रायोगिक कारखान्याच्या पातळीवर बनवलेल्या बोर्डांचं काम प्रसिद्ध केलं. तेव्हा मामा खोटं बोलत नाहीत. मग अडलं कुठे?

पहिलं पाण्यापाशी. एन्झाइमला काम करायला पाणी लागतं आणि प्रेसला ते नको असतं. तंतूंच्या गादीत ओल जास्त राहिली की 180-200 अंशांवर तिची वाफ होते आणि प्रेस उघडताना बोर्ड आतून फुटतो. तंतू वाळवत बसलं तर तेवढ्या वेळात रॅडिकल विझत जातात. दुसरी अडचण वेळेची. रेझिन प्रेसमध्ये काही मिनिटांत पक्कं होतं. एन्झाइमला तंतूंशी वेगळा वेळ द्यावा लागतो आणि लाइनवर मिनिटाला किंमत असते. तिसरी आकाराची. लॅकेसचा रेणू इतका मोठा, की तंतूच्या भिंतीत त्याला शिरता येत नाही. तो पृष्ठभागावर किंवा पाण्यात सुटलेल्या लिग्निनवरच चालतो. म्हणून ‘मीडिएटर’ म्हणजे इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे छोटे रेणू घालतात. त्यातले काही महाग असतात, काही विषारी, आणि मग कृत्रिम रसायन टाळल्याचा आनंद पातळ होतो. शेवटची अडचण मला सगळ्यांत चिवट वाटते. असे बोर्ड ताकदीत नेहमीच्या बोर्डाच्या जवळ गेले, तरी 24 तास पाण्यात ठेवले की जाडीत फुगतात. आणि या सगळ्यावर, युरिया-फॉर्माल्डिहाइड अतिशय स्वस्त आहे.

ही यादी पुन्हा वाच. यातला किती भाग बायोटेक्नॉलॉजीचा आहे? एन्झाइमचा वेग, त्याचा आकार आणि थोडाफार मीडिएटरचा भाग. बाकी सगळं उष्णता, ओल, वाफ, दाब आणि पदार्थाचं शास्त्र आहे. म्हणून माझा सल्ला असा: पदवीनंतर लगेच लॅकेसवर पीएचडी घेऊ नकोस. आधी काष्ठविज्ञान, पल्प आणि पेपर तंत्रज्ञान किंवा पॉलिमर यांपैकी एका विषयात पदव्युत्तर शिक्षण घे. लॅकेस शुद्ध करता येणारे खूप आहेत, प्रेस चालवता येणारेही खूप. दोन्ही येणारे फार थोडे. तू ती जागा धर. केमिकल इंजिनिअरिंगची पदवी पहिल्यापासून करायची गरज नाही; उष्णता आणि बाष्प यांचं वहन एवढा एक विषय मात्र नीट शीक, टाळू नकोस.

विषय अरुंद आहे या आई-बाबांच्या काळजीवर सरळ बोलते. ‘एन्झाइमने बांधलेला बोर्ड’ एवढीच तुझी ओळख असेल, तर तो अरुंदच आहे. ‘लिग्निनचं रसायन आणि जैविक चिकटवणं’ अशी ओळख असेल, तर नाही. कागद कारखान्यांत लाकडातून निघणारं बहुतेक लिग्निन आजही इंधन म्हणून जाळलं जातं. त्यातून गोंद, पॅकेजिंगवरचे लेप, कार्बन फायबर काढायची धडपड बऱ्याच ठिकाणी चालू आहे. प्लायवुडच्या रेझिनमध्ये फिनॉलचा काही भाग काढून तिथे लिग्निन घालणं तर उद्योगात सुरूही झालं आहे. एन्झाइम बनवणाऱ्या कंपन्या, रेझिन कंपन्या, कागद गिरण्यांचे संशोधन विभाग, रेझिनच्या बोर्डांतून हवेत सुटणारा फॉर्माल्डिहाइड वायू मोजणाऱ्या प्रयोगशाळा, या सगळ्यांकडे तुझ्यासारखीला काम आहे. बोर्ड कारखान्यांचे स्वतःचे संशोधन विभाग मात्र लहान असतात, तिथे फार आशा धरू नकोस.

फॉर्माल्डिहाइडचे नियम कडक होताहेत, म्हणून एन्झाइमचे दिवस येणारच, असं कुणी सांगेल. अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. युरोपीय संघाने लाकडी वस्तू आणि फर्निचरसाठी हवेच्या घनमीटरमागे 0.062 मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवली असून ती लागू होण्याची तारीख ऑगस्ट 2026 आहे. पण उद्योग अशा दडपणाला आधी सोप्या वाटेने उत्तर देतो: मेलामाइन मिसळलेलं कमी उत्सर्जनाचं रेझिन, नाहीतर आयसोसायनेट हा फॉर्माल्डिहाइड नसलेला गोंद. शिवाय जैविक स्पर्धकही आहेत. क्योटो विद्यापीठात सायट्रिक अॅसिडने लाकूड बांधण्यावर काम झालं आहे. ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या काइचांग ली यांनी शिंपल्यांच्या खडकाला घट्ट चिकटण्यावरून प्रेरणा घेऊन सोयाबीनच्या प्रथिनांचा गोंद तयार केला आणि तो अमेरिकेत प्लायवुडमध्ये बाजारात गेला. लॅकेसचं प्रेम असू दे, पण हे सगळं वाचलेलं असू दे.

आता या वर्षाचं काम. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच विषयावर घे, पण छोटा: हाताच्या पंजाएवढे बोर्ड, तापणाऱ्या पाट्यांचा हायड्रॉलिक प्रेस, आणि मामांकडून मिळाले तर रेझिन न घातलेले तंतू. चार गट कर: नुसते कोरडे तंतू, तेवढंच पाणी आणि बफर घातलेले तंतू, उकळून निकामी केलेलं लॅकेस घातलेले, आणि चालू लॅकेस घातलेले. तिसरा गट बहुतेक विद्यार्थी विसरतात, आणि नेमका तोच सत्य सांगतो. वाफाळलेले तंतू नुसत्या उष्णतेनेही बऱ्यापैकी चिकटतात, आणि त्या ताकदीचं श्रेय फुकट एन्झाइमला दिलं जातं. लॅकेसची क्रियाशीलता एबीटीएसच्या (लॅकेसमुळे रंग येणारं एक रसायन) रंगावरून 420 नॅनोमीटरवर मोज. बोर्डाची वाकण्याची ताकद, आतली पकड आणि पाण्यात फुगणं या तिन्ही कसोट्या लाव. पहिल्या दोन चांगल्या आल्या म्हणून तिसरी झाकू नकोस. आणि प्रेस एकदम उघडू नकोस, दाब हळूहळू सोड. आतल्या वाफेने तोंड भाजतं.

हा प्रकल्प सुरू करण्याआधी मामांबरोबर दोन-तीन शिफ्ट लाइनवर काढ, अर्थात कारखान्याची परवानगी घेऊन. त्यांना ‘हे चालेल का’ असं विचारू नकोस, उत्तर तुला माहीत आहे. ‘प्रेसमध्ये जाताना गादीत ओल किती चालते आणि ती वाढली तर तुम्ही काय करता’ हे विचार, आणि वहीत लिहून घे.

पुढे पीएचडीची वेळ आली की ग्योटिंगेन, व्हिएन्नाचं बोकू विद्यापीठ, फिनलंडची व्हीटीटी संस्था, ब्राउनश्वाइगची फ्राउनहोफर काष्ठसंशोधन संस्था, क्योटो, ओरेगन स्टेट अशी नावं शोधताना समोर येतील. अर्ज करण्याआधी प्रत्येक ठिकाणी पहिल्याच मेलमध्ये दोन गोष्टी विचार: प्रयोगशाळेत गरम प्रेस आहे का, आणि गेल्या काही वर्षांत इथून बाहेर पडलेले विद्यार्थी आता कुठे आहेत. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ते बोर्डाचं काम शेजारच्या कुठल्या विभागाबरोबर करतात, तेही विचारून घे.